निवडणूक लढवण्याआधी पाच वर्षं सैन्यात? अनावरणाच्या कार्यक्रमावरून पेटलेली चर्चा

रामबागकर

परवा इथे इंदूरला आमच्या चौकात एका शहीद जवानाच्या अर्धपुतळ्याचं अनावरण होतं. वेळ सकाळी दहाची. पुढारी आले साडेबाराला. तोवर जवानाची आई प्लॅस्टिकच्या खुर्चीत उन्हात बसून होती. अंगावर ठेवणीतलं लुगडं, मांडीवर रुमालात गुंडाळलेलं मुलाचं मेडल. मंडप होता, पण फक्त स्टेजवर. पुढारी आले, दोरी ओढली, पार्षदाच्या, म्हणजे नगरसेवकाच्या, पोरांनी त्यांच्याच गळ्यात हार घातले. आईला सगळ्यात शेवटी एक शाल दिली आणि फोटो निघाला तेव्हा ती चौकटीच्या बाहेर गेली होती. फ्लेक्सवर जवानाचा फोटो तिकिटाएवढा आणि बाकीच्यांचे हातहातभर.

या देशात दोन जातीची माणसं आहेत. विक्रम बत्रा आणि मनोज पांडे गेले तेव्हा दोघंही २४ वर्षांचे होते. त्याच वयात आमच्या वॉर्डातला एक जण पहिली स्कॉर्पिओ घेतो आणि चाळिशीपर्यंत त्याच्या नावावर कॉलनी होते. हे दोघं एकाच मातीतले असं म्हणायलाही जीभ रेटत नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. निवडणूक लढवायची असेल तर आधी पाच वर्षं सैन्यात काढा, तेही सीमेवर. आणि खरं सांगू? दहा वर्षं देश लष्कराच्या हाती दिला तरी मला चालेल. सैनिक कधी विकला जात नाही.

पलासियाचा वकील

काका, त्या आईच्या खुर्चीपर्यंत तुमच्याशी पूर्ण सहमत. त्या आयोजकांना जाब विचारायलाच हवा. पण शेवटची तीन वाक्यं वाचून गप्प बसवेना, म्हणून लांबलचक लिहितोय.

देश लष्कराच्या हाती देऊन काय होतं ते शेजारी बघा. १९५८ ला अयूब खान भ्रष्ट नेत्यांना हाकलायला म्हणूनच आला होता. लोकांनी स्वागत केलं. तेरा वर्षांनी त्याच गणवेशातल्या याह्या खानाच्या हातून अर्धा देश गेला. ढाक्याला ज्या नियाझीने ९३ हजार माणसांसकट शरणागती लिहून दिली, त्याच्यावर पाकिस्तानच्याच हमूदुर रहमान आयोगापुढे कसले आरोप आले? पूर्वेकडून पश्चिमेकडे विड्याच्या पानांची तस्करी केल्याचे. जनरलच्या पदावरचा माणूस, युद्ध तोंडावर आलेलं, आणि पानं! राजकारण्यांना बाजूला सारलं म्हणून भ्रष्टाचार गेला नाही. त्याला फक्त प्रश्न विचारणारं कोणी उरलं नाही.

एवढं लांब नको असेल तर आपल्या महिदपूरला या. २१ डिसेंबर १८१७, होळकर विरुद्ध इंग्रज. इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात ही लढाई सांगितली जाते, पण अर्धीच. आदल्या रात्री क्षिप्रेच्या काठी होळकरांचा कारभार बघणाऱ्या तुळसाबाईंना मारलं ते इंग्रजांनी नव्हे, होळकरांच्याच फौजेतल्या सरदारांनी. गादीवरचा मल्हारराव अकरा वर्षांचं पोर. दुसऱ्या दिवशी गोलंदाज तोफा सोडून हलले नाहीत, तोफेला टेकून मेले. आणि होळकरांचाच सरदार गफूरखान ऐन लढाईत आपली माणसं घेऊन निघून गेला, असं आपण पिढ्यानपिढ्या ऐकतो. लगेच जानेवारीत मंदसौरचा तह झाला आणि त्यात जावऱ्याचा मुलुख त्याच्याकडे पक्का झाला. एकाच मैदानावर, एकाच झेंड्याखाली, तोफेपाशी मरणाराही सैनिक होता आणि पाठ फिरवणाराही. मग ‘सैनिक कधी विकला जात नाही’ हे वाक्य इंदूरच्या माणसाने कुठल्या तोंडाने लिहायचं?

आणि ‘आदर्श’ विसरलात का? कुलाब्यातली एकतीस मजली इमारत. दोन माजी लष्करप्रमुख आणि एका माजी नौदलप्रमुखाचे फ्लॅट त्यात निघाले. मुख्यमंत्र्यांना नोव्हेंबर २०१० मध्ये जावं लागलं, पण सदस्यांच्या यादीत खादी आणि गणवेश शेजारी शेजारी होते.

शौर्य वेगळं, पैशाच्या बाबतीतली सचोटी वेगळी. एक असलं की दुसरं असतंच असं मानणं म्हणजे शहिदाच्या फोटोमागे कोणालाही लपायला जागा करून देणं.

तोफखाना निवृत्त

वकीलसाहेब, मी सुभेदार म्हणून निवृत्त झालो. महिदपूरचे गोलंदाज तुम्ही आणलेत म्हणून गोलंदाजाकडूनच ऐका.

आदर्शमध्ये किती वर्दीवाले होते? हाताच्या बोटांवर मोजा आणि त्याला बारा-तेरा लाखांच्या फौजेने भागा. ते फ्लॅट परत करायची तयारी त्या तिन्ही प्रमुखांनी ताबडतोब दाखवली होती हे तुम्ही गाळलंत. आणि कारगिलच्या विधवांची जमीन म्हणून जो बोभाटा झाला, त्यावर चौकशी आयोगाने काय म्हटलं? जमीन राज्य सरकारची होती आणि कारगिलसाठी राखीव नव्हती. वकील आहात, तर पूर्ण कागद वाचा.

आमच्याकडे शिक्षा होते, हा फरक आहे. आर्मी ॲक्टचं कलम ४५ बघा. अधिकाऱ्याला न शोभणारं वर्तन, एवढ्यावर माणूस घरी जातो. पैसे खाल्ल्याचं सिद्ध करायची पाळी नंतरची. बंगालमधल्या सुकना छावणीशेजारच्या जमिनीच्या प्रकरणात लेफ्टनंट जनरलचं कोर्ट मार्शल झालं. तीन ताऱ्यांच्या हुद्द्याचा माणूस आरोपी म्हणून उभा राहिला. चारा घोटाळ्याचा गुन्हा १९९६ चा, मुख्य आरोपीला पहिली शिक्षा २०१३ ला. मधल्या सतरा वर्षांत तो रेल्वेमंत्रीसुद्धा झाला. तुमच्या कोर्टाची ही गत.

आता मला जे सांगायचंय ते. १९९९ ला मी हवालदार होतो, बोफोर्सवर. द्रासमध्ये रस्त्याच्या कडेलाच गन पोझिशन. एक गोळा चाळीस किलोच्या वर. रात्रभर तो उचलून उचलून खांद्याची कातडी सोलवटायची, त्यावर पोरं फील्ड ड्रेसिंगची पट्टी बांधायची आणि पुन्हा उचलायची. वर तोलोलिंगला इन्फंट्री उघड्या उतारावर पडलेली. त्यांच्या रेडिओवरून ओपी, म्हणजे पुढे राहून मारा कुठे पडतो ते बघणारा आमचा माणूस, सांगायचा, अजून शंभर मीटर वर. आमचे गोळे त्यांच्या डोक्यावरून जायचे. चूक झाली तर आपलीच पोरं मरणार. आमचा कॅप्टन त्या दिवसांत आमच्यानंतर जेवायचा. लंगरमधून काय आलं, पुरतंय का, ते बघून मग ताट घ्यायचा. डेहराडूनला चेटवुड हॉलमध्ये भिंतीवर लिहिलंय: देश पहिला, मग तुमची माणसं, स्वतःचं सुख सगळ्यात शेवटी. भिंतीवर कोणीही काहीही लिहील, पण मी ते ताटात बघितलंय.

ती तोफ उत्तम होती. पण १९८७ ला दलालीचा गवगवा झाला आणि त्यानंतर तीस वर्षं फौजेला एक नवी मोठी तोफ मिळाली नाही. अमेरिकेची एम-७७७ आली ती २०१७ ला. तोपर्यंत सुट्या भागांसाठी एक तोफ खोलून दुसरी चालवायची. दलाली खाणारा एक, घाबरून फाइल पुढे न सरकवणारे शंभर, आणि खांदा सोलवटणारे आम्ही. आता सांगा, मला कोणी समान तराजूत तोलायचं?

पलासियाचा वकील

सुभेदारसाहेब, तुमच्या खांद्यापुढे माझा युक्तिवाद लहान आहे, मान्य. कॅप्टनचं ताट मी खोडणार नाही.

पण कागद पूर्ण वाचायला तुम्हीच सांगितलंत. सुकनातल्या त्याच जनरलना सशस्त्र दल न्यायाधिकरणाने २०१४ ला निर्दोष सोडलं. बोफोर्समध्ये लाच घेतल्याचं कोर्टात कोणावर शेवटपर्यंत सिद्ध झालं नाही, दिल्ली हायकोर्टाने २००४ आणि २००५ ला आरोप रद्द केले. म्हणजे तुमच्याकडे शिक्षा पटकन होते पण अपिलात टिकतेच असं नाही, आमच्याकडे अपिलापर्यंत पोचायला आयुष्य जातं. यात वर्दीचा गुण कुठे, खादीचा दोष कुठे? हा सगळा यंत्रणेचा प्रश्न आहे.

आणि तुमची तोफ माझ्या बाजूने बोलते. राजकारण सडलं तर किंमत तुम्ही मोजता. म्हणूनच राजकारण सुधारायला हवं, त्याच्याकडे पाठ करून सलाम ठोकत बसून चालणार नाही.

कापड मार्केट

सगळे मोठमोठ्या गोष्टी बोलतायत, मी लहान बोलतो. गेल्या महिन्यात आमच्या समाजात लग्न होतं. मागच्या खोलीत बाटल्यांची रांग लागलेली, प्रत्येकीवर छापलेलं की फक्त संरक्षण दलांसाठी. नवऱ्याकडच्यांत फौजी एकही नाही. कुठून आल्या? इथून महूची छावणी पंचवीस किलोमीटर आहे, सगळ्यांना ठाऊक आहे. तेव्हा इज्जतीच्या गप्पा जरा बेताने.

तोफखाना निवृत्त

झालं समाधान? एका बाटलीवर बारा लाख माणसं मोजलीत. त्या पिणारे कोण होते? तुमच्या समाजातले. एकाने तरी ग्लास खाली ठेवला का, की हा जवानाच्या हक्काचा माल आहे? मला महिन्यातून चार फोन येतात. ‘काका, मुलाचं लग्न आहे, कोटा आहे का.’ डॉक्टरांचा येतो, इंजिनिअरचा येतो, एका मास्तरांचा आला. माझा कॅन्टीनचा दारूचा कोटा मी देत नाही, म्हणून आळीत माझं नाव ‘शिष्ट सुभेदार’ पडलंय. हे लिहा तुमच्या चर्चेत.

कापड मार्केट

तुम्ही देत नाही, मानलं. पण कोणीतरी देतोच ना? त्याशिवाय बाटली पाय फुटून आली का? मी घेणाऱ्यांना सोडा म्हणत नाही. विकणाऱ्यालाही धरा म्हणतो. विकतो तोही तुमच्याच बिरादरीतला. पुढाऱ्याने दहा रुपये खाल्ले की तो देशद्रोही, आणि फौजीने कोटा विकला की ‘बिचाऱ्याला पेन्शन पुरत नाही’? हा न्याय मला पटत नाही.

स्नेहलतागंज

बाटलीवरच का थांबता? आमच्या बिल्डिंगमध्ये तीन फ्रिज, एक वॉशिंग मशीन आणि एक स्कूटर लष्करी कॅन्टीनच्या कार्डावर आलीय. घरात कोणी सैन्यात नाही. जीएसटी निम्मा लागतो म्हणून लोक ओळख काढतात. कार्ड कोणाचं? एका वीरपत्नीचं. बाई गावाकडे राहते, वाचता येत नाही. कार्ड भाच्याकडे. तो प्रत्येक वस्तूवर आपलं कमिशन घेतो आणि बाईला दिवाळीला साडी देतो. ती आशीर्वाद देते त्याला. हे बघून मी एकदा बोललो, तर सगळी सोसायटी माझ्यावरच उलटली: ‘तुमचं काय जातंय?’

तोफखाना निवृत्त

त्या भाच्याविरुद्ध तक्रार करा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात लेखी द्या. कार्ड ब्लॉक होतं. मी बरोबर येतो. इथे लिहून काय उपयोग?

स्नेहलतागंज

आणि त्या बाईचं कार्ड ब्लॉक झालं तर तिला औषधाचं, किराण्याचं जे थोडंफार मिळतं तेही बंद? भाचा मोकळा, शिक्षा तिला. तक्रार करा म्हणणं सोपं आहे, सुभेदारसाहेब.

सुदामानगर ताई

पुरुष मंडळी बाटली आणि फ्रिजमध्ये अडकली आहेत, आणि कोणी व्यापमचं, म्हणजे मध्य प्रदेशातल्या परीक्षा घोटाळ्याचं, नावही काढत नाही याचं आश्चर्य वाटतं. ते प्रकरण तर आपल्या शहरात फुटलं. जुलै २०१३ मध्ये दुसऱ्याच्या नावाने पीएमटीला, म्हणजे मेडिकलच्या प्रवेश परीक्षेला, बसायला आलेली पोरं इंदूरच्या पोलिसांनी पकडली, आणि मग सूत कुठल्या कुठे गेलं. २०१५ ला सुप्रीम कोर्टाने सगळं सीबीआयकडे दिलं. मागे लागून ते धसास लावणाऱ्यांत इंदूरचाच एक डॉक्टर होता. त्याने काय भोगलं ते आपण पेपरात वाचलं आणि पान उलटलं.

माझी मुलगी त्या काळात पीएमटीची तयारी करत होती. एक गृहस्थ घरी आले होते. नीटनेटके, कपाळाला गंध, चहा घेतला, मुलीच्या अभ्यासाची चौकशी केली. मग म्हणाले, ‘वहिनी, एवढी हुशार मुलगी नशिबावर का सोडता?’ आकडा सांगितला. रामबागेतला आमचा जुना वाडा विकला असता तर तेवढे झाले असते. यजमानांनी त्यांना दारापर्यंत पोचवलं आणि कडी लावली. मुलीला त्या वर्षी मिळालं नाही. तिने बीएस्सी केलं. आज ती शाळेत शिकवते आणि चांगली शिकवते, पण परीक्षेचा विषय निघाला की अजून खोलीतून उठून जाते.

आता ऐका. त्या गृहस्थांना पैसे ज्यांनी दिले त्यांतल्या दोघी माझ्या भिशीत होत्या. एकीचे यजमान बँकेत, दुसरीचे कॉलेजात. पुढारी कोणीही नव्हतं. आमच्यासारखीच माणसं, गणपतीला अथर्वशीर्षाची आवर्तनं करणारी. वर मंत्र्यांपर्यंत धागे गेले असतील, पण पहिली नोट मध्यमवर्गीय कपाटातून निघाली होती. काका, तुम्ही दोन जाती सांगितल्यात, सैनिक आणि पुढारी. तिसरी जात आपली. तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही.

रामबागकर

ताई, मुलीचं वाचून वाईट वाटलं. पण सगळ्यांवर सारखा दोष वाटला की मोठे चोर सुटतात. भिशीतल्या बाईने एकदा पाप केलं, परीक्षाच विकायला काढणाऱ्याने पिढी बुडवली. वजन वेगळं आहे.

आणि वकीलसाहेब, तुमचे पाकिस्तान आणि महिदपूर बाजूला ठेवा, मी साधा हिशोब मांडतो. २०२२ पासून सैन्यात जाणारा पोरगा अग्निवीर. चार वर्षांनी चारातल्या तिघांना घरी पाठवणार, पेन्शन नाही. त्याआधीच्या जवानालाही पेन्शनसाठी पंधरा वर्षं घालावी लागायची. खासदाराला? एक टर्म पुरे. टर्म अर्धवट सोडली तरी पेन्शन. २०२५ ला ती ३१ हजार महिना केली, स्वतःच्याच सभागृहाने केलेल्या कायद्याच्या मेहरबानीने. आणि माणेकशॉ? फील्ड मार्शलची थकबाकी मिळाली ती २००७ ला, कलाम साहेबांनी लक्ष घातलं तेव्हा. माणूस नव्वदी ओलांडून गेला होता. पुढच्याच वर्षी वेलिंग्टनला गेला, तर अंत्यविधीला ना पंतप्रधान, ना संरक्षणमंत्री. १९७१ चा विजय ज्याने मिळवून दिला त्याला ही वागणूक. यावर तुमचं कलम काय म्हणतं?

पलासियाचा वकील

यावर काही म्हणत नाही, कारण बचाव करण्यासारखं काही नाही. ती लाज आहे.

पण मग मधू लिमयेंनाही आठवा. पुण्याचा माणूस, बिहारमधून निवडून गेला, खासदारकीची पेन्शन घेतली नाही. शास्त्रीजींनी १९५६ ला अरियलूरच्या रेल्वे अपघातानंतर मंत्रिपद सोडलं. आणि इंदूरचंच नाव हवं असेल तर होमी दाजी. १९६२ ला गिरणी कामगारांच्या जिवावर लोकसभेत गेलेला माणूस. आयुष्यभर विरोध करणाऱ्यांनीही त्यांच्याविषयी पैशाचा शब्द काढला नाही. दुसऱ्या टोकाचे कुशाभाऊ ठाकरे, आपल्या धारचे. पक्षाचे राष्ट्रीय अध्यक्ष झाले तरी सामान एका पिशवीत मावायचं. यांतल्या कोणाला गणवेश लागला?

कापड मार्केट

सगळी नावं गेलेल्यांची. एक जिवंत सांगा.

पलासियाचा वकील

सांगितलं तर इथे पक्षावरून मारामारी होईल हे तुम्हालाही कळतं. म्हणून गेलेल्यांवर थांबलो.

महूचा मुलगा

मी उशिरा आलो. आमचं घर तीन पिढ्या फौजेत. पणजोबा १११ महार पलटणीत, आजोबा आणि वडील महार रेजिमेंटमध्ये. म्हणून इज्जतीवर थोडं बोलतो.

आमच्या लोकांना गावात पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, तेव्हा पलटणीत बंदूक मिळाली. कवायतीच्या मैदानावर पणजोबांना नावाने हाक मारली जायची. त्यांच्या लेखी इज्जत म्हणजे ती हाक. पण ती इज्जत एका हुकमाने आली आणि एका हुकमाने गेली. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. म्हणाले, ही लढाऊ जात नव्हे. महायुद्धात माणसं कमी पडली तेव्हा १९१७ ला १११ महार उभी केली, गरज सरली तशी १९२१ ला मोडली. पणजोबा वर्दी उतरवून गावी गेले, तर पाणवठा होता तिथेच होता. रेजिमेंट पुन्हा उभी राहिली १९४१ ला. १९८७ मध्ये मेजर परमेश्वरन श्रीलंकेत गेले, परमवीर चक्र मिळालं, ते ८ महारचे. वडील त्यांचं नाव घेताना अजून उभे राहतात.

तेव्हा शौर्याबद्दल मला कोणी शिकवू नये. पण रामबागकर काका, तुमच्या वाक्यातली दुसरी बाजू मला टोचते. १४ एप्रिल १८९१ ला महूच्या छावणीत एका सुभेदाराला मुलगा झाला. रामजी सकपाळ, लष्करी शाळेत शिकवणारे. त्या मुलाने बंदूक घेतली नाही. कायदा शिकला, निवडणुका लढवल्या, हरला, परत लढला, सभागृहात भांडला. पणजोबांची इज्जत कोणाच्या हुकमावर अवलंबून राहू नये म्हणून जे काही लिहून ठेवलंय ते राजकारण करून लिहिलंय. तुम्ही राजकारणाला सगळं मिळून घाण म्हणता तेव्हा आमच्या वाट्याला जे एकमेव हत्यार आलं त्यालाच घाण म्हणता. दहा वर्षं मतदान थांबवायची कल्पना ज्यांना सुचते, त्यांच्या पणजोबांना पाणवठ्यावर कोणी अडवलेलं नसतं.

रामबागकर

माझ्या पणजोबांना मध्ये आणायची गरज नव्हती. मी जात काढली नाही.

महूचा मुलगा

तुम्ही काढली नाहीत. इतिहासात ती आहे, मी फक्त दाखवली. राग आला असेल तर येऊ द्या.

तोफखाना निवृत्त

महूच्या मुला, तुझ्या वडिलांचा बॅच सांग, कदाचित सागरला, महार रेजिमेंटच्या केंद्रात, भेट झाली असेल. तू जे लिहिलंस त्याला मी उत्तर शोधत होतो, मिळालं नाही. पण एक धर. तुझे वडील परमेश्वरन साहेबांचं नाव घेताना उभे राहतात. कुठल्या आमदाराचं नाव घेताना उभे राहतात का? माणूस कशासाठी उठून उभा राहतो त्यातही काही खरं असतं.

महूचा मुलगा

बाबासाहेबांच्या नावाला राहतात. तेही मुंबई प्रांताचे आमदार होते.

सुदामानगर ताई

सुभेदारदादा, आता यावर पुढे बोलू नका, तो बरोबर आहे.

मला एवढंच म्हणायचंय की सीमेवर पाच वर्षं काढून आलेला माणूसही परत आपल्यातच येणार. नक्शा पास करायचा असेल तर त्यालाही कोणीतरी पाकीट मागणार. आमच्या शेजारच्या निवृत्त कॅप्टननी घर बांधताना नऊ महिने पाकीट दिलं नाही. लोखंडाच्या सळ्या उघड्यावर गंजल्या. पत्नीने शेवटी त्यांना न सांगता भावाकरवी पैसे पोचवले आणि आठवड्यात नक्शा आला. त्यांना हे आजही माहीत नाही. ते अजून सगळ्यांना सांगतात की प्रामाणिकपणे अडून बसलं की काम होतं. मी त्यांच्या बायकोच्या तोंडाकडे बघते तेव्हा ती चहा आणायला आत जाते.

कापड मार्केट

हे एक उदाहरण पटलं. आता यातून काय करायचं ते कोणी बोलेल का, की आपण असंच रात्रभर लिहायचं? बाटलीवाल्या मुद्द्याला सुभेदारांनी अर्धं उत्तर दिलंय, तेही नोंदवून ठेवतो.

पलासियाचा वकील

करण्यासारखं एक आहे. सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर २००३ पासून प्रत्येक उमेदवाराला मालमत्ता आणि गुन्ह्यांचं शपथपत्र द्यावं लागतं. विधानसभेची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या साइटवर पडून आहेत, कोणी उघडत नाही. आपल्या मतदारसंघाच्या मागच्या तीन निवडणुकांची काढू. कोणाची जमीन किती वाढली, कुठल्या गावात, कुठल्या बायपासच्या आधी की नंतर, ते शेजारी शेजारी ठेवू. सुभेदारसाहेबांना शिक्षा हवी आहे, ताईंना मतदारांनीही आरशात बघायला हवं आहे. दोन्ही तिथूनच सुरू होतं.

तोफखाना निवृत्त

शपथपत्रात खरं लिहितात यावर तुमचा विश्वास आहे?

पलासियाचा वकील

नाही. पण खोटं लिहिलं तर तो गुन्हा आहे, आणि रजिस्ट्री ऑफिसात नक्कल मिळते. जुळवून बघायला वेळ असलेली माणसं हवीत.

रामबागकर

वेळ माझ्याकडे आहे, निवृत्त आहे मी. लष्कराच्या हाती देश देण्याचं राहू द्या बाजूला. पाच वर्षांच्या सक्तीवर मात्र मी ठाम आहे. निदान पार्षदाला तरी एक पावसाळा उघड्यावर काढायला लावा.

शपथपत्रं छापून रविवारी सकाळी माझ्याकडे आणा. नातवाला एक्सेल येतं. सुभेदारसाहेब, जमिनीचे सर्व्हे नंबर वाचायची तुम्हाला सवय आहे, तुम्ही या. महूच्या मुलाने यायचं असेल तर यावं, माझ्या पणजोबांचा विषय काढायचा नाही.

महूचा मुलगा

येतो. विषय निघाला तर बोलेन.

स्नेहलतागंज

आणि त्या वीरपत्नीच्या कार्डाचं काय ठरलं? सुभेदारसाहेब, तुम्ही बरोबर येतो म्हणाला होतात.

तोफखाना निवृत्त

सोमवारी अकराला. आधी बाईंना गावाहून बोलवा, त्यांच्या अंगठ्याशिवाय अर्ज घेणार नाहीत. भाच्याला कळू देऊ नका.